दोनदा आलेला मंगळवार

माझे आजोबा कोंडूआबा चहाचा कप कधी भरत नाहीत. अर्धा झाला की थांबतात. माझ्या आत्याला बघायला पाहुणे आले होते तेव्हा आजी नेमकी विहिरीवर होती, म्हणून चहा आबांनी केला आणि सगळ्यांना अर्धा-अर्धा कप दिला. पाहुण्यांतले एक जाडजूड मामा बराच वेळ कपात बघत बसले, मग त्यांनी कप तिरपा करून शेजारच्याला दाखवला. जाताना अंगणात, पण ओटीवर ऐकू जाईल अशा बेताने बोलले, "पोरगी बरी हाय. घराचा हात जरा आखडता वाटतो." सोयरीक मोडली. आजीने आबांशी बोलणं टाकलं. आपलं काय चुकलं ते आबांना मात्र आजतागायत कळलेलं नाही. बोटीवर कप भरला तर तो सांडतो, एवढंच त्यांना ठाऊक. ही गोष्ट माझ्या जन्माआधीची, तरी त्या मामांचा आवाज मला काढता येतो, कारण आत्या तो हुबेहूब काढते आणि मी तो तिच्याकडून उचलला.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. भाताची खाचरं, पलीकडे जंगल, त्याच्या वर घाटाची भिंत. समुद्राशी आमचा संबंध सुकटीपुरता. तरी आबांनी जवान उमर सगळी बोटीवर काढली. गावात 'बोटवाला कोंडू' म्हटलं की पोरंही घर दाखवतात.

ते बोटीवर गेले ते ज्ञानेश्वरमुळे. ज्ञानेश्वर म्हणजे पारूआजीचा थोरला भाऊ. पारूआजीचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. हा ज्ञानेश्वर मुंबईच्या गोदीत ओझी उचलायला गेला आणि दोन वर्षांनी खलाशी होऊन आला, गळ्यात रेडिओ अडकवून. पुढच्या खेपेला तो कोंडूला घेऊन गेला. कोंडूला पोहता येत नव्हतं. तसं त्याने सांगितलं, तर ज्ञानेश्वर बोलला म्हणे, "पव्हायचं कुनाला हाय? बोटीत बसायचं हाय."

कोंडू बोटीवर आधी बटाटे सोलायला लागला आणि मग भंडारी झाला. भंडारी म्हणजे बोटीवरचा आचारी. तिथल्या सवयी त्यांनी गावात आणल्या आणि त्या आजही सुटत नाहीत. चालताना पाय फाकवून चालतात, जसं काही आमची गल्ली डुलते आहे. उघडं दार दिसलं की कडी अडकवतात, आपटेल म्हणून. कमी माणसांचा स्वयंपाक त्यांना येतच नाही. आजी माहेरी गेली आणि आबांनी डाळ केली, की ती डाळ आम्ही वाटी-वाटीने साऱ्या आळीत पोचवतो. शेजारच्या दर्शनाकाकी डबा घेऊन आधीच दारात उभ्या असतात. "आज भंडारी उतरला काय गो खाली?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आबा बोटीबद्दल आपणहून काही सांगत नाहीत. शाळेत आजोबांवर निबंध लिहायचा होता तेव्हा मी विचारलं, आबा, समुद्र कसा असतो? ते विचार करून बोलले, "मी खाली असायचो गो. माझ्याइथं खिडकी व्हती एवढीशी, तिच्यातनं वाफ जायची." जग फिरलेल्या माणसाकडून मला एवढंच मिळालं. बाकीचं सगळं मला वर्षातून एका दिवशी ऐकायला मिळतं, मार्गशीर्षातल्या वद्य चतुर्थीला.

ती ज्ञानेश्वरची तिथी. तो बोटीवरच वारला, भर दर्यात. तिथून माणूस घरी आणायची सोय नव्हती, त्याला पाण्यात सोडलं. गावात आली ती नुसती तार. अमुक तारखेला, मंगळवारी, तुमचा माणूस गेला. भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला आणि घरच्यांनी तो जाळला. आईबाप होते तोवर त्यांनी तिथी केली, पुढे पारूआजीने घेतली. सासर-माहेर एकाच गावात, त्यामुळे तिला ते जमलंही. भात झोडून झालेलं असतं, पेंढा रचलेला असतो, शेतात वालाच्या शेंगा लागलेल्या असतात. पारूआजी पान वाढते, घराच्या कौलावर ठेवते आणि कावळा शिवला की मगच पंगत बसते.

त्या दिवशी न बोलावता दोघं येतात. खर्डीहून नामाकाका, जे बोटीवर खलाशी होते, आणि आसनगावहून गोजरबाबा, जे इंजिनात तेलवाले होते. आसनगाव स्टेशनबाहेर भेटतात आणि किन्हवलीवरून एसटीने येतात. खिडकीची जागा कुणाची यावरून दोघांची येताना जी तक्रार सुरू होते ती पारूआजीच्या ओटीवर चढेपर्यंत चालते. नामाकाका भराभर बोलतात, मधे हिंदी, मधे बंदरावरचं इंग्रजी. गोजरबाबांना कमी ऐकू येतं आणि ते अजून इंजिन चालू असल्यासारखे बोलतात. त्यांनी पाणी मागितलं की तिसऱ्या घरातली म्हैस मान वर करते.

त्यांच्या गप्पांची एक रीत आहे. गेलेल्या माणसाबद्दल ते 'तो असा होता, तसा होता' असं सांगत नाहीत. त्याचं बोलणं बोलून दाखवतात. त्यांचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचा होता आणि त्याचा पुढचा दात पडलेला, त्यामुळे त्याची शिवी शिट्टीतून निघायची. नामाकाका जीभ दाताला लावून ती शिट्टी काढतात. गोजरबाबा म्हणतात, असा नाय रे, खालच्या सुरात, आणि स्वतः काढून दाखवतात. मग आबा मान हलवतात, की दोघांचंही चुकलं. इंजिनातला एक पंजाबी फिटर होता, तो झोपेत गावच्या म्हशीला हाक मारायचा. ती हाक गोजरबाबांची. यंदा त्यांनी येताच सांगितलं की फिटरही गेला, त्याच्या मुलाचा फोन आला होता. सांगून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हशीला हाक मारली, "आ जा रानी, आ जा." कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने तिघंही हसले आणि बराच वेळ हसत राहिले.

ज्ञानेश्वरचा आवाज मात्र पारूआजीच्या घरी कुणी काढत नाही. ठरलेलं नाही, पण काढत नाहीत.

यंदा पारूआजीच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. शिडीवर चढणं सोडा, उंबरा ओलांडतानाही ती दाराला धरत होती. म्हणून तिने सुनेला, रंजिताकाकीला, सगळं शिकवायला घेतलं होतं. पान कसं मांडायचं, मीठ कुठे, भात कुठे, पाणी कसं फिरवायचं. सकाळपासून तिचा एकच घोष. पुढल्या सालापासून हे तुझ्याकडं गो, आत्ताच सगळं नीट बघून ठेव, मी असेन नसेन. रंजिताकाकी "होय आत्या, होय आत्या" करत शिडी चढली, पान कौलावर ठेवून खाली आली आणि आम्ही सगळे कावळ्याची वाट बघत बसलो.

कावळा येईना. आंब्यावर दोन बसले होते, पानाकडे बघत होते, पण उतरत नव्हते. आबा ओटीवर सूप घेऊन वाल सोलत होते, संध्याकाळच्या भाजीसाठी. गोजरबाबांनी कावळ्यांना दोनदा हाक मारली, तेव्हा त्यातला एक उडूनच गेला. नामाकाका त्यांना म्हणाले की तू आता गप बस, नाहीतर पुढच्या सालापर्यंत इथेच बसावं लागेल. आणि वेळ जावा म्हणून ते मंगळवारची गोष्ट सांगायला लागले. ती मी आधी कधी ऐकली नव्हती. मला वाटतं, पारूआजी स्वयंपाकघरात आहे असं त्यांनी धरलं होतं.

जपानहून बोट अमेरिकेला निघाली होती, गहू भरायला, रिकामी. रिकामी बोट फार डुलते. मधल्या दर्यात एक जागा अशी आहे की ती ओलांडून पलीकडे गेलं, की एक दिवस परत मोजावा लागतो. म्हणजे आज जो वार, उद्याही तोच, तारीखही तीच. तो दिवस नेमका मंगळवार होता. कॅप्टनने सगळ्यांना सांगितलं, "टुमारो आल्सो ट्यूसडे." गोजरबाबा इथे मधेच बोलले की रविवार कधी दोनदा आला नाही, आला तो मंगळवार. त्यात भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात त्या मंगळवारी संकष्टी होती. अंगारकी. ज्ञानेश्वर चतुर्थी धरायचा. सारंगाने त्याला चिडवलं की आता बाप्पाने तुला डबल ड्युटी लावली. सगळे हसले.

"तर ज्ञानू काय बोलला," असं म्हणून नामाकाका थांबले. मग त्यांचा आवाज उतरला, सावकाश झाला, शब्दांच्या मधे श्वास आला. मी त्या माणसाला कधी ऐकलं नाही, तरी हा नामाकाकांचा आवाज नव्हता हे मला कळलं. "देवानं मंगळवार दिलाय दोनदा, तर उपास बी दोनदा. त्याला कशाला फसवू."

दारात भांडं वाजलं. पारूआजी चौकटीला धरून उभी होती. हातातलं ताट कलंडलं होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. किती वेळ उभी होती कोण जाणे. एवढ्या वर्षांनी भावाचं बोलणं ऐकलं म्हणून रडेल, असं मला वाटलं. ती रडली नाही. ती दारातच खाली बसली आणि तिने विचारलं,

"माजा भाऊ कंच्या मंगळवारी गेला?"

गोजरबाबा काय बोलली, काय बोलली करत पुढे वाकले. त्यांना कुणी सांगेना.

नामाकाका घाईने म्हणाले की पहिल्या, पहिल्याच गो. उपास धरला, चंद्र निघाल्यावर जेवला, वर जरा हवेला गेला आणि बसल्या जागी गेला. दुसऱ्या मंगळवारी तर त्याला आपण निरोप दिला. बोलताना ते आबांकडे बघत नव्हते. नामाकाका विसरले होते की त्यांनी मुद्दाम तसं सांगितलं, हे मी त्यांचा आवाज कितीदा काढून बघितला तरी मला ठरवता आलेलं नाही.

पारूआजी हिशेबाने चालणारी बाई आहे. तिने विचारलं, बोटीवर दुसऱ्यांदा मंगळवार होता तेव्हा इथे गावाला कोणता वार? आता गोजरबाबांना ऐकू आलं होतं. ते नेहमीच्या आवाजात, म्हणजे साऱ्या आळीला सांगावं तसं बोलले, "बुधवार! घरी बुधवार उजाडलेला."

"म्हंजे पंचमी," पारूआजी म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते सगळ्यांना मिळून सांगितलं, पण बघत ती कौलाकडे होती. तार मंगळवारची आली, म्हणून मंगळवारची चतुर्थी धरली. दोन मंगळवार आहेत हे कुणी सांगितलं नाही. भाऊ पहिल्या मंगळवारी गेला असेल तर बरोबर. दुसऱ्या गेला असेल तर आईने, बाने आणि मी मिळून इतकी सालं भलत्याच दिवशी पान ठेवलं. त्याच्या दिवशी त्याच्यासाठी काहीच नव्हतं. आता हे मी रंजिताच्या हाती देते आहे, ती तिच्या सुनेच्या हाती देईल. चुकलेलं असेल तर ते पुढे तसंच चालत राहील आणि तो तिकडे ताटकळत राहील.

"कोंडूदादा," ती म्हणाली, "तू भंडारी. त्याचं ताट तू वाढायचास. तू मला सांगितलंस, जेवून गेला. मंग नामादादा बोलतो ते खरं ना?"

आबांचे हात वालात थांबले. त्यांना फक्त 'होय' म्हणायचं होतं. तिथी बरोबर ठरली असती, भाऊ जेवून गेला असता, रंजिताकाकीने शिकलेलं शिकलेलं राहिलं असतं आणि नामाकाकांनी सुस्कारा सोडला असता. सगळेच त्या शब्दाची वाट बघत होते. मीही. आबांनी सोललेले वाल एका बाजूला केले, सालं दुसऱ्या बाजूला केली आणि सूप खाली ठेवलं.

"जेवला तो पयल्या मंगळवारी," ते म्हणाले. "गेला दुसऱ्या."

नामाकाका म्हणाले, "भंडारी, तुला नीट आठवतंय काय?"

"मला ताट आठवतंय."

आबा एवढं एका वेळी बोलले असतील असं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तेही अडखळत. पहिल्या मंगळवारी ज्ञानेश्वर जेवला आणि त्याने दोनदा भात घेतला. दुसऱ्या दिवशी उठून त्याने परत उपास धरला. दिवसभर काळा चहा प्यायला. संध्याकाळी बाकीच्यांची जेवणं झाली, आबांनी त्याचं ताट वाढून वर दुसरं ताट झाकलं, आणि तो चंद्र बघायला वर गेला. बोट पूर्वेला चाललेली, म्हणून चंद्र समोरून निघणार. तो अगदी पुढच्या टोकाला जाऊन दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. बराच वेळ झाला, खाली येईना. आबांनी भांडी आवरली, हात पुसले आणि त्याला बोलवायला गेले. चंद्र निघालेला होता. नुकताच निघालेला, लाल. आबांनी मागूनच हाक मारली, ज्ञानू, निघाला बघ, चल जेवायला. दोनदा हाक मारली.

"त्यानं बगितला का नाय, मला नाय ठावं," आबा म्हणाले. "त्वांड तिकडंच व्हतं."

आंब्यावरचा राहिलेला एक कावळा पंख साफ करत होता.

पारूआजीने विचारलं, मग मला जेवून गेला असं का सांगितलंस. तिच्या विचारण्यात राग नव्हता. आबा म्हणाले की मी गावाला आलो तेव्हा तू पोटुशी होतीस. या दारातच उभी होतीस. तू दुसरं काहीच विचारलं नाहीस, एवढंच विचारलंस, जेवला होता का. मी होय म्हटलं. नंतर दर सालाला तू विचारायचीस आणि दर सालाला मी तेच सांगायचो. पहिल्या मंगळवारचं धरलं तर ते खोटंही नव्हतं.

"घरी एक उपास केला नाय त्यानं," पारूआजी म्हणाली. "आये वराडायची. एकादशीला पन भाकर चोरून खायचा. आन तिकडं जाऊन चवथी धरायला लागला." ती हसली की काय, मला नीट दिसलं नाही. मग ती कौलाकडे बोट करून म्हणाली, "मंग इतकी सालं चवथीच्या दुपारचं मी हे वर ठेवते, तवा तो उपाशीच. चंद्र निघाल्याबिगर शिवंल कसा? दर सालाला हा कावळा असाच बसवून ठेवतो आमाला."

नामाकाका लगेच म्हणाले, बरोबर, बरोबर, मी पण तेच म्हणत होतो. ते असलं काहीच म्हणत नव्हते. गोजरबाबांनी त्यांना तसं ऐकवलं.

पण पारूआजीचं अजून संपलं नव्हतं. ताटात काय होतं, तिने विचारलं. आबांना आठवावं लागलं नाही. भात, साधी डाळ, बटाट्याची सुकी भाजी. आणि शिरा. बोटीवर मोदक कुठले करणार, म्हणून शिरा. केळं नव्हतं, साखर जरा जास्तच पडली होती.

"आन मंग त्या ताटाचं काय केलंस?"

आबा खाली बघायला लागले. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. नामाकाका हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो पारू," तर पारूआजीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"झाकून ठेवलं," आबा शेवटी म्हणाले. "रात्रभर. सकाळी त्याला पान्यात दिला. सगळे वर व्हते. मी खाली आलो, ताट तसंच. बोटीवर अन्न उरलं का दर्यात टाकायचं, अशी रीत व्हती. माज्यानं टाकवेना. त्याच्यासाठी वाढलेलं. मंग मी बसलो आन खाल्लं."

"सगळं?"

"सगळं. शिरा पन. थंड झालेला." आणि जरा वेळाने, "तुज्या भावाचं ताट मी खाल्लं गो पारू. त्याच्या तोंडचं. तुला काय सांगणार व्हतो?"

मी आबांकडे बघायचं टाळलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटांना वालाची सालं चिकटलेली. रंजिताकाकी शिडीजवळ उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की पुढे काय होतं याने घाबरली होती, सांगता येत नाही.

पारूआजी उठायला लागली. गुडघ्यामुळे तिला वेळ लागतो. आधी दार धरलं, मग चौकट, मग ती उभी राहिली. आबांसमोर येऊन म्हणाली,

"दर्यात कावळं असतात काय?"

आबांना कळलं नाही. त्यांनी मान हलवली. किनाऱ्याजवळ पांढरे पक्षी असतात, मधल्या दर्यात काहीच नसतं.

"मंग कोन शिवणार व्हतं त्या ताटाला?" पारूआजी म्हणाली. "तू शिवलास. बुधवारची सकाळ का दुपार काय असंल ती, पंचमीला, त्याच्या दिवशी त्याचं ताट तू शिवलास. बरं केलंस तू." आणि मागे न बघता, "रंजिता, ते पान खाली घे."

रंजिताकाकी शिडीला हात लावून थांबली. नामाकाकांना राहवलं नाही. ते म्हणाले की असं करत नाहीत, कावळा नाही आला तर पान गाईला देतात, माणसाला देत नाहीत, गावात कुणी बघितलं तर काय म्हणतील. पारूआजीने त्यांना सांगितलं की ज्यांना बघायचं त्यांना बघू दे, आणि तुला जेवायचं असेल तर गप बस. रंजिताकाकी चढली, पान दोन्ही हातांनी धरून उतरली. भाताचा वरचा थर वाऱ्याने सुकला होता. वरणाची कड पानाला चिकटली होती.

पारूआजीने ओटीवर पाट मांडला, पान ठेवलं, तांब्यात पाणी दिलं. "बस, दादा."

आबा पाटावर बसले. त्यांनी हात धुतले, पण घास घेतला नाही. पारूआजी समोर उभीच राहिली. तिने रंजिताकाकीला सांगितलं, ध्यानात ठेव, पुढल्या सालापासून पंचमी. नामाकाकांनी विचारलं, म्हणजे आम्ही आता पंचमीला यायचं काय? "नाय तर कुठं जाशील," पारूआजी म्हणाली. गोजरबाबांनी "पंचमी" हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून घेतला, डोक्यात बसावा म्हणून.

मग आबांनी पहिला घास घेतला. ते मान खाली घालून खात होते, भरभर नाही, सावकाशही नाही, जसं काम करतात तसं. भात संपला, वरण संपलं, भाजी बोटाने निपटून घेतली. आम्ही सगळे उपाशी होतो आणि कुणीही हललं नाही. आबांनी मीठसुद्धा ठेवलं नाही.

पारूआजी आत गेली, पातेलं घेऊन आली.

"भात घेतोस?" तिने विचारलं.

आबांनी पान जरा पुढे सारलं. "वाढ," ते म्हणाले.